नेवेनाचा आकडा

नेवेना करजोवा सोफियाच्या त्या संस्थेत लागली ती दगड धुवायला. पिरिन डोंगराच्या पायथ्याच्या गावातली मुलगी, अंगापिंडानं थोराड, हात बापासारखे, आणि बाप पाथरवट. ग्रॅनाइटची पोती यायची, ती फोडायची, दळायची, चाळायची, पाण्यात घोळायची आणि उरलेल्या वाळूतून दाणे वेचायचे. तांदूळ निवडतात तसेच, फक्त इथला दाणा मिठाच्या कणाएवढा आणि वेचायला सुई. तिच्याबरोबर लागलेल्या चार बायका महिन्याभरात कंटाळून गेल्या. नेवेना टिकली. पुढे नवरा जर्मनीला गेला तो गेलाच, तेव्हाही दुसऱ्या दिवशी सकाळी ती आठ वाजता चाळणीपाशी हजर होती.

ह्या दाण्यांत किंचित युरेनियम असतं. त्याचा एखादा अणू मधूनच फुटतो आणि फुटताना दाण्यात एक बारीक रेघ ओढून जातो. खडक जमिनीत खोल आणि गरम असतो तोवर ही रेघ आपोआप बुजते. वरचा डोंगर झिजत जातो, खालचा खडक वर येतो, निवतो, आणि मग रेघा टिकायला लागतात, दूध निवल्यावर साय धरावी तशा. रेघा मोजल्या की तो खडक किती कोटी वर्षांपूर्वी निवला ते कळतं, आणि डोंगर किती झपाट्यानं झिजला तेही. दाणे राळेत बसवायचे, घासून गुळगुळीत करायचे, वीस सेकंद आम्लात बुडवायचे, म्हणजे रेघा उघड्या पडतात. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मोजत बसायचं. एका काचपट्टीवर वीस दाणे, डोळ्यापुढे शंभर चौकोनांची जाळी, आणि मोजणाऱ्याची मान मोडून घ्यायची तयारी.

घोळ एवढाच, की रेघ कुठली आणि नुसता ओरखडा कुठला, हे दाणा सांगत नाही. प्राध्यापक वेलिझार दोब्रेव ह्यांनी एकदा आठ विद्यार्थ्यांना एकच पट्टी दिली, आठ उत्तरं आली. दोब्रेव ओरडत होते, पोरं खाली मान घालून उभी होती, आणि नेवेना फरशी पुसत होती. पुसता पुसता तिनं भिंगात डोकावलं आणि म्हणाली, "सर, हा ओरखडा आहे. घासताना पडलाय. रेघेची दोन्ही टोकं निमुळती असतात."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला ह्यातलं काही कळत नाही. दिसतं."

दोब्रेवांनी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि तिला खुर्चीवर बसवलं. त्यानंतर सव्वीस वर्षं ती त्या खुर्चीवरून उठली नाही.

ह्या धंद्यात प्रत्येक मोजणाऱ्याला स्वतःचा एक आकडा असतो. माणसा-माणसाची नजर वेगळी. कुणी पुसट रेघा सोडतो, कुणी ओरखडेही धरतो. म्हणून आधी ज्यांचं वय पक्कं ठाऊक आहे अशा कसोटीच्या पट्ट्या मोजायच्या आणि त्यावरून त्या नजरेचा आकडा काढायचा. पुढे तो माणूस जे जे मोजेल ते ह्या आकड्यानं गुणायचं. एकाचा आकडा दुसऱ्याला चालत नाही, एकाचा चष्मा दुसऱ्याला लागत नाही तसाच. नेवेनाचा आकडा तीनशे एक्केचाळीस. दरवर्षी ती कसोटीच्या पट्ट्या मोजायची आणि दरवर्षी दोन-तीनाच्या फरकानं तेच यायचं. परदेशातले लोक दोब्रेवांना विचारायचे, इतका स्थिर आकडा कुणाचा हो? दोब्रेव नुसते हसायचे. छापलेल्या प्रत्येक तक्त्याखाली असायचं: मोजणी वे. दो., आकडा ३४१. स्वतः दोब्रेव एकदाच मोजायला बसले होते. दहा मिनिटांत त्यांची मान अवघडली.

नेवेनाला हे ठाऊक होतं. तिला त्यात वावगं वाटत नसे, असं सगळे धरून चालायचे. खरं म्हणजे तिला वाटायचं, आणि चांगलंच लागायचं. पण आपण दगड धुणाऱ्या, ही गोष्ट ती विसरली नव्हती आणि तिला कुणी विसरूही दिली नव्हती.

पन्नाशी उलटल्यावर तिला रस्त्यावरच्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायला लागली. अधूनमधून भुवईच्या वर ठणकायचं. शेजारच्या स्लाव्कानं तिला ओढतच दवाखान्यात नेलं. स्लाव्का म्हणजे ट्राममधली निवृत्त कंडक्टर. तिकीट नसलेल्याला जसं दंडाला धरून उतरवायचं तसंच तिनं नेवेनाला डॉक्टरांसमोर उभं केलं.

"काचबिंदू आहे," डॉ. त्सेनोवा म्हणाल्या. "घाबरू नका, अजून काही गेलेलं नाही. दिवसातून चार वेळा हे थेंब घालायचे. एकही वेळ चुकवायची नाही. ह्यात नजर कडेकडेनं जाते आणि गेलेली परत येत नाही. समजलं?"

नेवेनानं थेंब घातले. थेंबांनी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली आणि सगळं जग अंधुक झालं, दुपारी चारलाच संध्याकाळ व्हावी तसं. भिंगात पुसट रेघा दिसेनात. दुसरी कुणी असती तर गप्प बसून मोजत राहिली असती. नेवेना प्रामाणिक, म्हणजे मूर्खच. तिनं आपण होऊन कसोटीच्या पट्ट्या काढल्या, मोजल्या, आणि कागद घेऊन दोब्रेवांच्या खोलीत गेली.

"सर, काचबिंदूच्या थेंबांनी माझा आकडा बदललाय. तीनशे ब्याण्णव येतोय."

दोब्रेवांचा चेहरा उतरला. पिरिनचं मोठं काम चालू होतं. बासष्ट पट्ट्या, त्यातल्या एकतीस मोजून झालेल्या, आणि पुढच्या वर्षाच्या वसंतात सगळं, ज्यांच्यासाठी हे काम चाललं होतं त्या परदेशी मंडळींच्या हातात द्यायचं होतं. अर्ध्या पट्ट्या एका नजरेच्या आणि अर्ध्या दुसरीच्या, म्हटलं तर चालतं, दोन आकडे छापायचे झालं. पण दोब्रेवांच्या नावावर दोन आकडे छापले तर लोक विचारणार, साहेबांच्या डोळ्यांना झालं काय?

"थेंब घातले नाहीत तर?"

"तर आधीचाच येईल. काल सकाळचे चुकले होते, तेव्हा नीट दिसत होतं."

"हं." दोब्रेव खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मोजणी चालू असताना आपण सूक्ष्मदर्शकाचा दिवासुद्धा बदलत नाही, नेवेना. नियम तूच घातलायस ना? पोरांनी दिवा बदलला तेव्हा केवढी भांडली होतीस."

"हो."

"मी तुला काही सांगणार नाही बरं का. डोळे तुझे आहेत. तूच ठरव." मग आवाज उतरवून, "ह्या वेळी निबंधावर तुझं नाव घालायचं माझ्या मनात आहे. तिसरं नाव. आणि तक्त्याखाली, मोजणी ने. क., आकडा तीनशे एक्केचाळीस. तुझा आकडा तुझ्या नावावर. फार वर्षं राहिलंय ते."

तूच ठरव म्हणाले, आणि ठरवलं त्यांनीच. पण सगळा दोष त्यांच्यावर टाकला तर नेवेनावर अन्याय होईल. तिला खरोखरच पटलं होतं. इतकी वर्षं ती स्वतःच्या डोळ्यांकडे उपकरण म्हणून बघत आली होती. जुळवून ठेवलेल्या उपकरणाला काम अर्ध्यावर असताना हात लावायचा नाही, हे तिला जेवणाआधी हात धुण्याइतकं उघड होतं. दुसऱ्या कुठल्या धंद्यातली बाई ही चूक करती ना.

थेंबांची बाटली तिनं स्वयंपाकघराच्या फडताळात मागे सारली. चार दिवसांनी आकडा तीनशे चाळीस आला.

"वेडी झालीस का?" स्लाव्का कडाडली. "दगडांसाठी डोळे घालवतेस? ते दगड कोट्यवधी वर्षं पडून आहेत म्हणतेस ना? मग आणखी दोन वर्षं पडतील की!"

"थोडेच दिवस गं. वसंतापर्यंत."

वसंतापर्यंत म्हणता म्हणता दीड वर्ष गेलं. परदेशी मंडळींनी मुदत वाढवून दिली, आणखी नमुने पाठवले. नेवेना मोजत राहिली. आणि ह्यातली दुष्ट गोष्ट अशी, की तिला भिंगात काहीही कमी दिसत नव्हतं. काचबिंदू कडेकडेनं खातो, मधलं शेवटपर्यंत ठेवतो. भिंगात मुळातच एक छोटं गोल असतं, आणि त्या गोलात रेघ न रेघ स्वच्छ दिसायची. त्या गोलाबाहेर मात्र माणसं, दारं, पायऱ्या एकेक करून नाहीशी होत होती. डावीकडून येणारी ट्राम तिला दिसायची नाही. संस्थेच्या चौकटीला तिचा खांदा रोज आपटायचा. एकदा आम्लाची बाटली तिच्या कोपरानं पडली, तेव्हा दोब्रेव सगळ्यांसमोर म्हणाले, "नेवेना, सकाळीच राकिया ढोसलीस? आम्हाला तरी विचारायचंस!" सगळे हसले. नेवेनाही हसली. आम्लाचं काम त्यांनी रालित्साकडे दिलं. रालित्सा स्तोएवा ही त्यांच्या साडूची मुलगी. गुणी होती, नम्र होती, पीएच.डी. करत होती आणि मोजायला बसली की जांभया द्यायची.

"नेवेना मावशी, तुम्हाला कंटाळा नाही येत?"

"येतो की. पण रेघा येतात पुढे पुढे, त्या टाकून कुठे जाणार?"

शेवटची पट्टी झाली त्या दिवशी नेवेनानं रीतीप्रमाणे कसोटीच्या पट्ट्या पुन्हा मोजल्या. तीनशे एकोणचाळीस. दोब्रेवांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले, कपाटातली बाटली काढली, आणि म्हणाले, "अख्ख्या युरोपात अशी नजर नाही." त्यांनी पुढे केलेला पेला तिला दिसला नाही. तो खाली पडून फुटला.

डॉ. त्सेनोवांनी तिला एका कमानीसारख्या यंत्रापुढे बसवलं आणि दिवे दिसले की बटण दाबायला सांगितलं. यंत्र बराच वेळ चाललं. नेवेनानं बटण नऊ वेळा दाबलं.

"कुणी सांगितलं थेंब बंद करायला?"

"कुणी नाही. कामात अडचण येत होती."

"कामात!" डॉक्टरबाईंनी कागद टेबलावर आपटला. "तुमच्याकडे आता नळीएवढी नजर उरलीय, बाई. नळीएवढी. थेंब घाला, शस्त्रक्रिया करू, पण मी वचन देत नाही. दीड वर्षापूर्वी दिलं असतं."

त्या रात्री नेवेना रडली, आणि रडताना तिच्या मनात आलं, निदान नाव तरी येईल. डोळ्यांच्या बदल्यात नाव हा व्यवहार तिला त्या वेळी अगदीच बुडीत वाटला नाही. ह्याची तिला पुढे भयंकर लाज वाटली.

संस्थेनं तिला आजारपणाच्या कारणानं घरी बसवलं. निघताना तिनं आपल्या मोजणीच्या अकरा तपकिरी वह्या पिशवीत घातल्या. त्यांत दाण्यागणिक मोजणी होती, तारखा होत्या, कसोटीचे आकडे होते, सगळं तिच्या हातचं. त्या घरी न्यायची परवानगी नव्हती. पण आंधळ्या होत चाललेल्या बाईची पिशवी दारावर कोण तपासणार?

पुढच्या वर्षी फुलांच्या रविवारी, म्हणजे फुलांवरून ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांच्या नावाच्या सणाला, दोब्रेव तिच्या घरी आले; नेवेना हेही फुलाचंच नाव. त्या दिवशी आमंत्रण लागत नाही, जो येईल त्याला बसवायचं. स्लाव्कानं चीज घातलेली बानित्सा भाजली होती. दोब्रेवांनी ट्यूलिप आणले होते. स्लाव्कानं ते हातात घेऊन मोजले आणि तिचा चेहरा आंबला. सहा होते. सम संख्येची फुलं थडग्यावर नेतात. ती एक फूल खिडकीबाहेर टाकून आली.

"आला बरं का निबंध!" दोब्रेव म्हणाले. त्यांनी नियतकालिक उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "दोब्रेव, स्तोएवा, करजोवा. पिरिनचं निवणं आणि झिजणं."

नेवेना पुढे सरकली. "पुन्हा वाचा, सर."

"दोब्रेव, स्तोएवा, करजोवा."

तिनं पदरचं सगळं काढून द्यावं इतकी ती खूश झाली. दोब्रेवांनी बानित्साचा दुसरा तुकडा घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या तपकिरी वह्या तुझ्याकडे आहेत का गं? रालित्साच्या प्रबंधाला जोडायच्या आहेत. परीक्षक मूळ मोजणी मागतात." नेवेना भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेली आणि अकराही वह्या घेऊन आली. दोब्रेवांनी त्या आपल्या चामडी पिशवीत भरल्या आणि पट्टा आवळला.

मग ती म्हणाली, "सर, माझं नाव कुठं आहे? बोट ठेवा ना."

"आता ते कशाला?"

"नुसतं बोट ठेवा."

दोब्रेवांनी पानावर कुठंतरी बोट ठेवलं. ती आंधळी झाली एवढंच त्यांना ठाऊक होतं. किती झाली, मधे काही दिसायचं उरलंय का, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. नेवेनानं पान नाकाशी आणलं आणि उरलेल्या नळीतून त्या बोटाखाली बघितलं. एक अक्षर, मग दुसरं. बोट 'संस्था' ह्या शब्दावर होतं. ती सरकत सरकत वर गेली. दोब्रेव. पुढे स्तोएवा. पुढे कोरा कागद. नेवेनानं पानं उलटली, तक्ता शोधला, तळाशी गेली आणि एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. "मोजणी, रा. स्तो. आकडा, तीन. चार. एक."

मग दोब्रेव उठले आणि कोट घालू लागले.

"हे बघ नेवेना, त्या मुलीचं पुढं आयुष्य आहे. तिचा प्रबंध आहे. उद्या कुणी म्हणालं मोजणारीला समोर बसवा, तर तुला बसवू का मी? ती निदान बसू तरी शकते. तुला आता त्या आकड्याचा उपयोग काय?"

"वह्या ठेवा."

"वह्या संस्थेच्या आहेत."

ती पिशवीच्या दिशेनं झेपावली, पण पिशवी तिच्या नळीत नव्हती. तिचे हात टेबलाच्या कडेवर आपटले. स्लाव्का दाराकडे धावली, ट्राममधल्या शिव्या जिन्यातून त्यांच्यामागे सोडल्या, आणि दोब्रेव खाली पोचेपर्यंत त्या संपल्या नाहीत. त्यानं काही झालं नाही. दोब्रेव माणूस वाईट नव्हता, असं त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात सगळे म्हणाले.

ईस्टरनंतर नेवेनानं स्वतः पत्र लिहिलं. एक ओळ लिहायला तिला पंधरा मिनिटं लागत. तिनं त्या नियतकालिकाच्या संपादकांना लिहिलं, की तीनशे एक्केचाळीस हा आकडा माझा आहे, पिरिनच्या सगळ्या पट्ट्या मी मोजल्या, त्याआधीच्या सगळ्या वर्षांच्याही मीच मोजल्या. माझ्याजवळ पुरावा नाही, वह्या नेल्या. डोळ्यांबद्दल तिनं एक शब्द लिहिला नाही. तिला कुणाची दया नको होती, आकडा हवा होता. भाषांतर स्लाव्काच्या भाचीनं केलं.

उत्तर यायला नोव्हेंबर उजाडला. पत्राबरोबर कापसात गुंडाळलेली एक चपटी पेटी होती. स्लाव्काची भाची पत्र वाचत होती आणि नेवेना हात मांडीवर ठेवून ऐकत होती. संपादक सभ्य माणसं निघाली. त्यांनी लिहिलं होतं, की तुमची तक्रार आम्ही गंभीरपणे घेतली आहे. दोन माणसांत असा वाद आला तर तो सोडवायचा एकच मार्ग आपल्या शास्त्रात आहे, हे आपण जाणताच. कसोटीच्या पाच पट्ट्या पाठवल्या आहेत, अशाच पाच स्तोएवाबाईंनाही पाठवल्या आहेत. आपण त्या मोजाव्यात आणि मोजणी कळवावी. ज्यांचा आकडा तीनशे एक्केचाळीस येईल, तक्त्यात त्यांचं नाव छापू.

ऑक्टोबरातच ती नळी बंद झाली होती.

नेवेनानं पेटी उघडायला लावली. एक पट्टी बोटांत घेतली, अंगठा फिरवला. काच उत्तम घासलेली होती, तिनं स्वतः घासली असती तशीच, आणि बोटाला काही लागण्याचा प्रश्नच नव्हता. हजारो रेघा तिच्या अंगठ्याखाली होत्या. तिनं पाचही पट्ट्या एकामागून एक हातात घेतल्या, परत कापसात ठेवल्या आणि पेटीचं झाकण लावलं.

"लिही, डोळे गेले म्हणून," स्लाव्का म्हणाली. "कशानं गेले तेही लिही. थेंबांचं लिही. त्या हलकटाचं सगळं लिही!"

"त्याचा आणि पट्ट्यांचा काय संबंध?" नेवेना म्हणाली. "त्यांनी मोजणी मागितलीय. मोजणी असती तर पाठवली असती. लिही गं पोरी. पट्ट्या मिळाल्या. सुस्थितीत आहेत. मोजता आल्या नाहीत, परत पाठवत आहे. आभारी आहे."

मुलीनं लिहिलं.

"सही मी करते. नाव पूर्ण घालते. नेवेना करजोवा."

स्लाव्कानं तिच्या हातात पेन दिलं आणि कागद पुढे सरकवला. नेवेना डोकं ताठ ठेवून सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत लिहीत गेली, शाळेत लिहितात तसं. कागद तिच्या हातापासून चार बोटं लांब होता. सबंध नाव टेबलावरच्या मेणकापडावर उमटलं.

"झाली का नीट?" तिनं विचारलं.

स्लाव्कानं भाचीच्या हातावर हात दाबला. "झाली," ती म्हणाली. "छान आलीय." मग तिनं पत्राची घडी केली, पेटीबरोबर बांधली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टपालात टाकून आली.